स्थानिक यूएसपीएसए मॅच : पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी (अमेरिका)

मातीचा_बांध (धागाकर्ता)

अमेरिकेतली बरीच मराठी मंडळी रेंजवर जातात, एका जागी उभं राहून कागदावर ५० गोळ्या मारतात आणि घरी येतात. त्याच पिस्तुलाने धावत, वळत, अडथळ्याच्या कडेने नेम धरायचा आणि वर घड्याळ चालू, असा खेळ अनेक ठिकाणी महिन्यातून एखाद्या रविवारी चाललेला असतो, हे अनेकांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी हा धागा.

या प्रकाराला 'प्रॅक्टिकल शूटिंग' म्हणतात. आंतरराष्ट्रीय संघटना आयपीएससी १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. यूएसपीएसए (युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन) ही तिची अमेरिकेतली शाखा, १९८४ पासूनची. ब्रीद तीन लॅटिन शब्दांचं : अचूकता, ताकद, वेग. गुणपद्धतही या तिघांवरच बेतलेली आहे, त्यामुळे नुसता वेगवान किंवा नुसता अचूक माणूस इथे जिंकत नाही.

स्थानिक मॅचचं सर्वसाधारण रूप असं. ४ ते ६ स्टेज (टार्गेट आणि अडथळे मांडलेला एकेक टप्पा), एकूण १२० ते १८० गोळ्या, १० ते १२ जणांचं एक स्क्वॉड, सकाळी ८-९ ला सुरू आणि दुपारी १-२ पर्यंत संपलेलं. नोंदणी प्रॅक्टिस्कोअर या संकेतस्थळावर होते. लोकप्रिय क्लबांच्या जागा नोंदणी उघडल्यावर काही तासांत भरतात, म्हणून उघडण्याची वेळ आधीच बघून ठेवा. प्रवेश शुल्क बहुधा २० ते ३५ डॉलर. स्थानिक मॅचला सहसा सभासदत्व लागत नाही, वर्गवारी (कौशल्यानुसार श्रेणी) हवी असेल तर लागतं. काही क्लब नवख्यांकडून आधी एक सुरक्षा-वर्ग करून घेतात. ते क्लबच्या पानावर लिहिलेलं असतं.

आणि हो, प्रत्येकाने काम करायचं असतं. स्टेज संपली की टार्गेटवरची भोकं चिकटपट्टीने बुजवणं, पडलेल्या लोखंडी तबकड्या उभ्या करणं. आपली पाळी झाल्यावर खुर्चीत बसून राहिलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो.

प्रश्न विचारा. जाणकारांनी भर घालावी.

शून्य_चूक

धागा चांगला, पण सगळ्यात आधीची गोष्ट राहिली. व्हिसा.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा कोणत्याही बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने (१८ यूएससी ९२२(जी)(५)) बंदूक आणि काडतूस, दोन्ही बाळगायला मनाई आहे. विकत घेणं तर सोडाच, मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेणं हेही 'बाळगणं'च धरलं जाऊ शकतं. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला देशाबाहेर काढता येतं.

कायद्यात अपवाद आहेत. आपल्या लोकांना लागू पडू शकणारा मुख्य अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. 'मुदत न संपलेला' हे शब्द नीट वाचा. परवाना संपला त्या दिवशी अपवादही संपला. या अपवादावर विसंबण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, रेंजवरच्या दुकानदाराशी नव्हे. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड असणं नव्हे. तेही वकिलालाच विचारा.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही संघीय आडकाठी नाही. पण घरात एक जण ग्रीन कार्डवर आणि दुसरा व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली वा आकडा फक्त परवानगी असलेल्याकडेच असावा. आई-वडील भेटीला आले असतील तर त्यांना बघायला जरूर न्या, डोळ्यांना चष्मा आणि कानांना मफ लावून. त्यांच्या हातात काही देऊ नका.

जर्सी_नवखा

फार उपयुक्त. ग्रीन कार्ड आहे, राज्य न्यू जर्सी. इथे वेगळं काय बघायचं?

मातीचा_बांध

न्यू जर्सीत आधी फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्ड, मग प्रत्येक हँडगनसाठी वेगळा खरेदी परवाना. दोन्हींत वेळ जातो, म्हणून मॅचचा बेत करण्याआधी अर्ज करा. मॅगझिन १० गोळ्यांच्या वर चालत नाही. वाहतुकीत पिस्तूल रिकामं, आणि बंद करून अडकवलेल्या पेटीत किंवा कुलूपबंद डिकीत. घरापासून रेंजपर्यंत सरळ जायचं, सरळ यायचं. वाटेत मॉलमध्ये तासभर थांबणं टाळा. गोळ्या साध्या फुल मेटल जॅकेटच्याच न्या. होलो पॉइंटवर (टोकाशी पोकळ गोळ्यांवर) या राज्यात वेगळी बंधनं आहेत आणि मॅचमध्ये त्यांचा उपयोगही नाही.

१० च्या मर्यादेचा खेळावर मोठा परिणाम होतो. पेनसिल्व्हेनियाच्या मॅचला गेलात तर शेजारचा माणूस २० हून जास्त गोळ्यांचं मॅगझिन घेऊन उभा असतो आणि तुम्हाला त्याच स्टेजवर दोन-तीनदा रीलोड करावं लागतं. न्यू जर्सी, कॅलिफोर्नियाच्या लोकांनी म्हणूनच रीलोडचा सराव दुप्पट करावा.

केतकी_ह्यूस्टन

इलिनॉयवाल्यांना फॉइड कार्ड (राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र) लागतं, गोळ्या विकत घ्यायलाही. टेक्सासात खरेदी परवाना वगैरे नाही. प्रत्येकाने आपल्या राज्याचा नियम स्वतः वाचावा. इथली एक ओळ वाचून निघू नये.

ओहायोकर

साहित्याबद्दल लिहितो, कारण नवखे इथे नको तिथे पैसे घालतात.

पिस्तूल : पूर्ण आकाराचं ९ मिलिमीटर. ग्लॉक १७ वा ३४, सीझेड शॅडो २, वॉल्थर पीडीपी, सिग पी३२०, यातलं जे आधीच घरात आहे ते. नवं घेऊ नका. वर डॉट (नेमासाठी प्रकाशाचा ठिपका दाखवणारी साइट) असेल तर कॅरी ऑप्टिक्स डिव्हिजन (साहित्यानुसार स्पर्धेचा गट), लोखंडी साइट्स असतील तर बहुधा प्रॉडक्शन.

होल्स्टर : बेल्टच्या बाहेर बसणारा, चापाची जागा पूर्ण झाकणारा, कडक कायडेक्सचा (एक प्रकारचं प्लास्टिक). कापडी नको. पाठीच्या कण्यावरचा नको, बगलेतला नको.

बेल्ट : आतला वेल्क्रोचा पट्टा आणि त्यावर चिकटणारा कडक बाहेरचा पट्टा. पँटच्या साध्या पट्ट्यावर होल्स्टर हलतो, आणि मग दर वेळी पिस्तूल वेगळ्या जागी हाताला लागतं.

मॅगझिन : किमान ५. पाऊच ३ ते ४. प्रत्येक मॅगझिनवर रंगाने क्रमांक घाला. अडकलं तर कोणतं अडकलं हे कळलं पाहिजे. बहुतेक वेळा दोष पिस्तुलात नसतो, मॅगझिनमध्ये असतो : स्प्रिंग थकलेली, वरचे ओठ वाकलेले, किंवा मागच्या स्टेजवर वाळूत पडलेलं तसंच भरलेलं. ब्रश सोबत ठेवा.

गोळ्या : मॅच १५० ची असेल तर २२० ते २५० न्या. चुकलेली गोळी पुन्हा मारावी लागते आणि एखादी स्टेज 'रीशूट' होऊ शकते, म्हणजे पुन्हा मारावी लागते. विकत घेताना चुंबक लावून बघा. स्टीलच्या आवरणाच्या गोळ्या अनेक रेंज चालवून घेत नाहीत, कारण त्या लोखंडी टार्गेट खराब करतात आणि सुक्या गवतात ठिणगी पाडू शकतात.

डॉट : स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद), उत्पादकाने सांगितलेला टॉर्क, आणि स्क्रूच्या डोक्यापासून प्लेटवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. 'डॉट अचानक डावीकडे मारायला लागला' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

जर्सी_नवखा

पॉवर फॅक्टर काय असतो? गोळ्या घेताना बघावा लागतो का?

ओहायोकर

गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद, भागिले १०००. मायनर (कमी ताकदीच्या) वर्गासाठी किमान १२५, मेजर (जास्त ताकदीच्या) वर्गासाठी १६५. उदाहरणार्थ, १२४ ग्रेन आणि १०५० चा वेग म्हणजे १३०.२. मायनर झालं. ११५ ग्रेनची हलकी, स्वस्त गोळी आखूड नळीतून १०८० ने निघाली तर १२४.२ होतात आणि आकडा खाली राहतो. पेटीवरचा वेग चाचणीच्या नळीतला असतो, तुमच्या पिस्तुलात कमी येऊ शकतो. स्थानिक मॅचला वेग मोजतात असं क्वचितच होतं, पण मऊ गोळीने पॉपर (गोळी लागली की पडणारं लोखंडी टार्गेट) पडला नाही तर नुकसान तुमचंच.

शून्य_चूक

आता डीक्यू, म्हणजे डिसक्वालिफाय होऊन बाद होणं. पहिल्या मॅचचं एकच ध्येय ठेवा : डीक्यू न होता शेवटची स्टेज पुरी करणं. डीक्यू म्हणजे एका स्टेजचे गुण गेले असं नव्हे. पूर्ण मॅच संपली, पिस्तूल पेटीत, पैसे परत नाहीत.

रेंज 'कोल्ड' असते. म्हणजे रेंज ऑफिसरने सांगेपर्यंत तुमचं पिस्तूल रिकामंच. गाडीतून उतरून बेल्ट बांधलात की पिस्तूल पेटीतच ठेवून सेफ्टी एरियात जा. तिथे ते काढून होल्स्टरमध्ये घाला. सेफ्टी एरियात पिस्तूल हाताळता येतं, गोळ्या अजिबात नाही. खिशातून एक गोळी काढून बघितलीत तरी डीक्यू. उलट स्टेजच्या मागे गोळ्या भरलेली मॅगझिनं हाताळा, पण पिस्तुलाला हात लावू नका. ही दोन वाक्यं पाठ करा.

स्टेजवर डीक्यू होण्याची नेहमीची कारणं :

चापावर बोट. धावताना, रीलोड करताना, अडकलेलं पिस्तूल सोडवताना बोट चापाच्या कड्याबाहेर, फ्रेमवर ताठ दिसलं पाहिजे. अडकण्याच्या वेळी सगळं लक्ष चेंबरकडे (सुटण्याआधी गोळी बसते त्या जागेकडे) जातं आणि बोट आत सरकतं. सराव तिथला करा.

१८० ची रेषा. तुमच्यापासून टार्गेटमागच्या मातीच्या बांधाला समांतर दोन्ही बाजूंना जाणारी काल्पनिक रेषा. नळीचं तोंड तिच्या मागे गेलं की संपलं. उजव्या हाताच्या माणसाला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे उजवीकडून डावीकडे धावत रीलोड करणं. अंग डावीकडे वळतं, मॅगझिन घालायला पिस्तूल आत वळवलं की नळी आपोआप डावीकडे आणि पुढच्या पावलाला मागे. उपाय : पाय डावीकडे पळू द्या, पण छाती आणि पिस्तूल बांधाकडेच ठेवा. नाहीतर रीलोड पहिलं पाऊल टाकण्याआधी उरका. मागे हटण्याच्या स्टेजवरही हाच धोका.

पिस्तूल पडणं. स्टेज चालू असताना हातातून वा होल्स्टरमधून पडलं, रिकामं असलं तरी डीक्यू. एरवी रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून निसटून पडलं तर वाकून उचलू नका. तिथेच थांबा आणि ऑफिसरला हाक मारा. तो उचलेल. स्वतः उचललंत की डीक्यू.

अनपेक्षित गोळी. १० फुटांच्या आत जमिनीत लागलेली गोळी याच सदरात येते. (त्यापेक्षा जवळच्या कागदी टार्गेटवर मारताना वेगळं.) लोखंडी टार्गेटवर २३ फुटांपेक्षा जवळून मारलीत तरीही डीक्यू.

केतकी_ह्यूस्टन

आज्ञा कानात बसल्या की निम्मी भीती जाते, म्हणून क्रमाने देते.

'मेक रेडी' : आता पिस्तूल काढा, भरा, होल्स्टरमध्ये ठेवा. घाई नाही. 'आर यू रेडी' : तयार नसाल तर 'नॉट रेडी' म्हणा, गप्प राहिलात तर तयार धरतात. 'स्टँडबाय', मग १ ते ४ सेकंदांत बीप.

संपल्यावर 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर'. इथे क्रम चुकला की अपघात : आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघणं. मॅगझिन आत ठेवून स्लाइड ओढली तर पुढची गोळी चेंबरमध्ये गेली. पुढची आज्ञा 'इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर'. म्हणजे बांधाकडे नळी करून चाप ओढायचा. त्या वेळी गोळी सुटली तर दिवसभर उत्तम मारूनही डीक्यू. 'रेंज इज क्लिअर' ऐकल्याशिवाय कोणीही पुढे जायचं नाही.

कधीही 'स्टॉप' ऐकलं तर जागीच थांबा, बोट बाहेर, नळी बांधाकडे. पुढची आज्ञा येईपर्यंत काही करू नका.

एक छोटी गोष्ट : राज्याची वा डिव्हिजनची १० वा १५ ची मर्यादा मॅगझिनला आहे, चेंबरमधली गोळी त्यावर. म्हणून मेक रेडीला एका वेगळ्या मॅगझिनमधून चेंबर भरा, ते खिशात टाका आणि मग पूर्ण भरलेलं मॅगझिन घाला. या मॅगझिनला 'बार्नी' म्हणतात.

कोल्हापुरी_२५मी

भारतात २५ मीटर पिस्तूल खेळलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं तो प्रकार : एक हात, पाय जागेवर, वेगवान फेरीत ४५ अंशांतून हात वर आणि ३ सेकंदांत एक गोळी. ती चाप ओढण्याची शिस्त इथेही सोनंच आहे. पण ती मंडळी इथे पहिल्या दोन मॅचना प्रत्येक गोळीला दहा रिंग शोधतात आणि मागे पडतात. इथला ए झोन (टार्गेटचा मधला, सर्वाधिक गुणांचा भाग) मोठा आहे. ५ यार्डांवर डॉट तपकिरी कागदावर ए झोनच्या मधोमध दिसला की चाप ओढायचा, डॉट स्थिर होण्याची वाट बघायची नाही. २५ यार्डांवर किंवा अर्धं टार्गेट पांढऱ्या 'नो-शूट'ने (ज्याला गोळी लागू द्यायची नाही अशा टार्गेटने) झाकलेलं असेल तिथे मात्र जुनी शिस्त जशीच्या तशी वापरा. कुठे कोणती, हे ठरवणं हाच खेळ आहे.

जर्सी_नवखा

मग किती वेगाने मारावं याचं काही गणित आहे का?

कोल्हापुरी_२५मी

आहे आणि ते फार सुंदर आहे. मायनरमध्ये ए ला ५, सी ला ३, डी ला १. (मेजरमध्ये सी ४, डी २.) चुकलेली गोळी उणे १०, नो-शूट उणे १०, प्रक्रियेतली चूक उणे १०. एकूण गुण भागिले वेळ म्हणजे हिट फॅक्टर.

१० कागदी टार्गेट, प्रत्येकी २ गोळ्या, कमाल १०० गुणांची स्टेज घ्या.

पहिला : २० ए, २१ सेकंद. १०० ÷ २१ = ४.७६.
दुसरा : १४ ए, ५ सी, १ डी, १८ सेकंद. ८६ ÷ १८ = ४.७८.
तिसरा : १३ ए, ५ सी, १ डी, १ चूक, १५ सेकंद. ७१ ÷ १५ = ४.७३.

तिघे जवळजवळ एकाच जागी! तिसऱ्याने सहा सेकंद वाचवले आणि एका चुकीने ते घालवले.

आता हिट फॅक्टर साधारण ५ धरा, म्हणजे एक सेकंद पाच गुणांचा. ए ऐवजी सी लागला तर २ गुण गेले, म्हणजे ०.४ सेकंद. चूक झाली तर ५ मिळाले नाहीत आणि १० वजा, एकूण १५ गुण, म्हणजे ३ सेकंद. म्हणून चुकल्याची खात्री वाटली तर लगेच दुसरी गोळी मारा, तिला अर्धा सेकंदही लागत नाही. पण सी चा ए करायला परत मारू नका.

हिट फॅक्टर १० च्या जवळच्या आखूड, जवळच्या स्टेजवर सी ची किंमत ०.२ सेकंदच, तिथे जोरात सुटा. हिट फॅक्टर ३ ची लांब, अवघड स्टेज असेल तर सी म्हणजे ०.६७ सेकंद, तिथे नेम.

स्टेज जिंकणाऱ्याला त्या स्टेजचे पूर्ण गुण, बाकीच्यांना त्याच्या हिट फॅक्टरच्या प्रमाणात. त्यामुळे ३२ गोळ्यांची १६० गुणांची स्टेज फसली तर नुकसान ८ गोळ्यांच्या स्टेजपेक्षा चौपट.

मातीचा_बांध

वरच्या गणितात न दिसणारा वेळ पायांत जातो. नवख्यांचा बहुतेक वेळ गोळ्या मारण्यात जात नाही, उभं राहून 'आता कुठलं टार्गेट' आठवण्यात जातो. म्हणून स्टेज बघायच्या पाच मिनिटांत हे करा : आधी सगळी टार्गेट मोजा आणि लेखी वर्णनातल्या संख्येशी जुळवा. जुळली नाहीत तर एखादं भिंतीआड लपलंय. मग कमीत कमी किती जागी थांबून सगळी दिसतात ते ठरवा. १० च्या मॅगझिनने एका जागी ८ हून जास्त गोळ्यांचा बेत करू नका, दोन गोळ्या चुकांसाठी राखीव. रीलोड शक्यतो चालताना, उभं राहून फक्त १८० ची रेषा ओलांडण्याचा धोका असेल तिथे. मग डोळे मिटून पूर्ण स्टेज तीनदा मनात मारा. तिसऱ्यांदा अडखळलात तर बेत अवघड आहे, सोपा करा.

ओहायोकर

घरचा सराव : रोज १० ते १५ मिनिटं ड्राय फायर (रिकाम्या पिस्तुलाने सराव). गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद, चेंबर दोनदा तपासलेलं. फोनवरच्या टायमरने बीप. बेल्टवरून काढून नेम धरेपर्यंत आधी २ सेकंद, जमलं की १.५. रीलोड ३ सेकंदांवरून २ पर्यंत. टार्गेट कागदावर छोटं छापून भिंतीवर लावा, पूर्ण आकाराचं लावलंत तर जवळच्या भिंतीवर चुका दिसत नाहीत.

जर्सी_नवखा

आयडीपीए आणि स्टील चॅलेंज यांबद्दलही ऐकलंय. सुरुवात कशाने?

केतकी_ह्यूस्टन

होल्स्टरमधून पिस्तूल काढायची भीती वाटत असेल तर स्टील चॅलेंज. पाच लोखंडी तबकड्या, त्यातली एक थांब-तबकडी, ती सगळ्यात शेवटी मारायची. बहुतेक स्टेजवर पाच फेऱ्या, उत्तम चार धरतात. धावणं जवळजवळ नाही. .२२ चालतं आणि .२२ ला होल्स्टर लागतच नाही, पिस्तूल खाली धरून सुरुवात. खर्चही कमी.

आयडीपीए १९९६ पासून, कपड्याखाली लपवलेल्या पिस्तुलाने, आडोशाचा वापर करत. गुण वेळेतच मिळवतात : मधल्या झोनबाहेर लागल्याने गमावलेला प्रत्येक गुण म्हणजे वेळेत एक सेकंद जास्त. एका फेरीत जास्तीत जास्त १८ गोळ्या, त्यामुळे न्यू जर्सीवाल्यांना १० ची मर्यादा तिथे कमी बोचते. दोन्हींची सवय लागली की यूएसपीएसए.

जर्सी_नवखा

शेवटचा प्रश्न. घरात दोन वर्षांचं मूल आहे. शिशाचं काय करायचं?

शून्य_चूक

चांगला विचारलात. शिसं धुराबरोबर हातावर, बाहीवर, केसांत आणि बुटांवर बसतं. स्टेजवर खाऊ-पिऊ नका, बिस्किटाला हात लावायच्या आधी शिशासाठीच्या ओल्या पुसण्यांनी हात पुसा. मॅच संपल्यावर साबण आणि थंड पाण्याने हात आणि तोंड धुवा. रिकामी टरफलं टोपीत गोळा करू नका, तीच टोपी परत डोक्यावर जाते. बूट रेंजचे वेगळे ठेवा आणि ते गाडीतच बदला, घराच्या दारापर्यंत आणू नका. कपडे मुलाच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, आणि आंघोळ झाल्याशिवाय मुलाला उचलू नका. नियमित मारायला लागलात की वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, साध्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर होते. इनडोअर रेंजवर जास्त जात असाल तर आणखी लवकर.